घरी मिक्स करताना रिव्हर्ब कसा लावायचा, गाणं गढूळ न करता

घरच्या कॉम्प्युटरवर केलेली मिक्सेस ऐकताना एक गोष्ट सारखी जाणवते. गळा चांगला असतो, वाजवलेलंही चांगलं असतं, पण सगळ्यावर सारखाच रिव्हर्ब, म्हणजे एखाद्या जागेत आवाज घुमतो तसा इफेक्ट, ओतलेला असतो आणि त्यात शब्द बुडून जातात. मग वाटतं की आपलं प्लगइन, म्हणजे रिव्हर्ब देणारं जोड-सॉफ्टवेअर, साधं आहे, भारीतलं घेतलं की होईल नीट. तसं काही होत नाही. फुकट मिळणाऱ्या रिव्हर्बवर सुद्धा सुंदर मिक्स होतं, फक्त रिव्हर्ब कशासाठी लावतोय ते आधी ठरलेलं पाहिजे. माझ्या मते त्याचं पहिलं काम म्हणजे अंतर दाखवणं. कोण ऐकणाऱ्याच्या अगदी समोर उभा आहे, कोण दोन पावलं मागे, कोण पार मागच्या भिंतीशी, हे एका कागदावर लिहून काढा आणि मगच नॉबला हात लावा. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

कान अंतर कसं ओळखतो

हे थोडं समजून घ्या, कारण प्लगइनवरचे सगळे नॉब यातूनच आलेत. मोठ्या हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली की आधी टाळीचा थेट आवाज कानावर येतो. मग जमीन, छत, जवळच्या भिंती यांच्यावर आपटून आलेले सुटे सुटे आवाज येतात, त्यांना अर्ली रिफ्लेक्शन्स म्हणतात. त्यानंतर हे आवाज एकमेकांत इतके मिसळतात की वेगळे ओळखूच येत नाहीत, नुसती हळूहळू विरत जाणारी टेल उरते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर. भिंत ५ मीटरवर असेल तर जाऊन परत यायला १० मीटर, म्हणजे २९ मिलिसेकंद. टेल किती वेळ टिकते ते मोजतात आरटी ६० मध्ये, म्हणजे आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ, आणि प्लगइनवर डिके किंवा रिव्हर्ब टाइम लिहिलेलं असतं ते साधारण हेच. याचा पाया वॉलेस सबाइन या हार्वर्डच्या प्राध्यापकाने १८९५ नंतरच्या काही वर्षांत घातला, तेही ऑर्गनची नळी, स्टॉपवॉच आणि जवळच्या थिएटरातून उचलून आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या एवढ्या सामानावर. त्याच्या हिशोबावर बांधलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९०० मध्ये उघडला, आणि तो माणसांनी भरलेला असताना त्याचा डिके साधारण १.९ सेकंद आहे. हा आकडा डोक्यात ठेवा, म्हणजे एखाद्या प्रीसेटमध्ये ५ सेकंद दिसले की ती जागा केवढी मोठी आहे ते लगेच कळेल.

आता अंतराचं बघू. जवळचा माणूस गातो तेव्हा थेट आवाज मोठा येतो आणि आधी येतो, खोलीचा आवाज मागाहून आणि कमी येतो. लांबचा गातो तेव्हा थेट आवाज बारीक होतो, खोलीचा आवाज जवळजवळ त्याच्याबरोबरच पोचतो, आणि मधल्या हवेत वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त विरतात म्हणून आवाज थोडा बोथट होतो. म्हणजे एखादं वाद्य मागे न्यायचं असेल तर रिव्हर्ब वाढवायचा, प्रीडिले (रिव्हर्ब सुरू व्हायच्या आधीची मोकळी वेळ) कमी करायचा आणि ड्राय म्हणजे रिव्हर्बशिवायच्या मूळ आवाजाची वरची धार इक्यूने (फ्रिक्वेन्सी कमीजास्त करणाऱ्या प्लगइनने) थोडी घासायची, हे तिन्ही एकत्र. पुढे आणायचं तर बरोबर उलट. बहुतेक लोक यातलं फक्त पहिलं करतात, रिव्हर्ब वाढवत बसतात आणि वाद्य काही मागे जात नाही, कारण ड्राय आवाज अजूनही तितकाच चकचकीत आणि जवळचा वाटत असतो.

आधी ड्राय मिक्स

रिव्हर्ब लावायच्या आधी ड्राय मिक्सचे फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणारे सरकते दांडे, जमवा. एकही रिव्हर्ब नसताना गाणं उभं राहिलं पाहिजे. रिव्हर्ब सगळं लपवतो असा एक समज आहे, खरं तर तो बारीक दोष ताणून लांब करतो. श्वासाचा खटका, क्लिपच्या टोकाला राहिलेला टक् असा आवाज, हेडफोनमधून माइकमध्ये शिरलेला क्लिक ट्रॅक, हे सगळं दोन सेकंद घुमत राहतं. म्हणून आधी एडिट, फेड्स, गरज असेल तिथे नॉइज काढणं, मग इक्यू आणि कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबून चढउतार कमी करणं), आणि मग रिव्हर्ब.

घरी रेकॉर्ड केलेल्या गळ्यात आपल्या खोलीचा आवाज आधीच असतो हेही विसरू नका. छोट्या खोलीची अर्ली रिफ्लेक्शन्स जवळच्या भिंतींवरून फार लवकर येतात आणि आवाज डब्यातला वाटायला लागतो. त्यावर आणखी एक छोटा रूम रिव्हर्ब लावला की एका खोलीत दुसरी खोली होते. अशा ट्रॅकला प्लेट (पत्र्याच्या कंपनाचा रिव्हर्ब, पुढे सांगतो) किंवा अर्ली रिफ्लेक्शन्स बंद केलेला हॉल जास्त शोभतो. पण खरा उपाय रेकॉर्डिंगच्या वेळचाच आहे, माइकच्या जवळ गा आणि गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूला जाड गोधड्या किंवा गाद्या उभ्या करा.

इन्सर्ट नको, सेंड वापरा

ट्रॅकवर थेट रिव्हर्ब टाकून (यालाच इन्सर्ट म्हणतात) मिक्सचा नॉब २० टक्क्यांवर ठेवायचा, हे सगळ्यात सोपं वाटतं. एखाद्या खास इफेक्टसाठी ठीक आहे. पण प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब टाकला की बारा वाद्यं बारा वेगवेगळ्या जागी वाजल्यासारखी वाटतात, कॉम्प्युटर दमतो ते वेगळंच, आणि नंतर सगळा रिव्हर्ब थोडा कमी करायचा म्हटलं तर बारा खिडक्या उघडत बसा. त्यापेक्षा एक वेगळा बस किंवा ऑक्स ट्रॅक करा (यालाच रिटर्न म्हणतात), त्यावर रिव्हर्ब टाका, त्याचा वेट म्हणजे रिव्हर्बचा आवाज १०० टक्के आणि ड्राय शून्य, आणि प्रत्येक ट्रॅकवरून सेंडने हवा तेवढा आवाज तिकडे पाठवा. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये नवीन सेट उघडला की रिव्हर्ब आणि डिलेचे रिटर्न ट्रॅक बहुधा तयारच असतात. रीपरमध्ये नवा ट्रॅक घेऊन बाकी ट्रॅकच्या राउटिंगमधून त्याला सेंड जोडायचे, एफएल स्टुडिओत मिक्सरच्या एका मोकळ्या चॅनेलवर रिव्हर्ब टाकून बाकी चॅनेल तिकडे सेंड करायचे. वेट १०० टक्के ठेवायला मात्र विसरू नका, नाहीतर ड्राय आवाज दोन वाटांनी येतो, सेंड वाढवला की ट्रॅकच मोठा होतो आणि रिव्हर्ब किती वाढला ते कळत नाही.

ऑडॅसिटीवर काम करणाऱ्यांना असा बस मिळत नाही, पण वाट आहे. ट्रॅकची डुप्लिकेट करा, डुप्लिकेटवर रिव्हर्ब लावताना वेट ओन्ली हा पर्याय टिकमार्क करा, आणि मग त्या दुसऱ्या ट्रॅकचा आवाज कमीजास्त करून प्रमाण ठरवा. फक्त मूळ ट्रॅक मोनो असेल तर डुप्लिकेट आधी स्टिरिओ करून घ्या, कारण तिथला स्टिरिओ विड्थ फक्त स्टिरिओ ट्रॅकवरच काम करतो, मोनोवर रिव्हर्ब मधोमध गळ्याच्याच जागी बसतो.

सेंड पोस्ट-फेडर ठेवा. म्हणजे गळ्याचा फेडर खाली आणला की रिव्हर्बही त्याच प्रमाणात खाली येतो आणि अंतर तेच राहतं. प्री-फेडर मुद्दाम वापरायची जागा वेगळी, जिथे ड्राय आवाज हळूहळू काढून घेऊन नुसता रिव्हर्ब मागे ठेवायचाय, गाणारा लांब निघून गेल्यासारखा.

किती रिटर्न करायचे? बहुतेक गाण्यांना दोन पुरतात, तीन झाले की भरपूर. एक छोटा, रूम किंवा चेंबर, डिके ०.४ ते ०.८ सेकंद, हा सगळ्या वाद्यांना एका जागेत आणायला. दुसरा मधला, प्लेट, १.२ ते २ सेकंद, मुख्यतः गळ्याला. तिसरा लांब हॉल, २.५ सेकंद किंवा जास्त, हा सगळ्यात मागच्या गोष्टींना, स्ट्रिंग्ज, पॅड, कोरस, लांब सुरांची बासरी. मुख्य गळ्याचा थोडा सेंड लांब हॉललाही दिला तर चालतो, अगदी थोडा.

कुठला प्रकार कशाला

प्लेटबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण गळ्यासाठी मी पहिल्यांदा तिच्याकडेच जातो. १९५७ मध्ये जर्मनीतल्या ईएमटी कंपनीने १४० नावाचं यंत्र काढलं, साधारण २ मीटर बाय १ मीटरचा स्टीलचा पातळ पत्रा चौकटीत ताणून टांगलेला, एका ठिकाणी तो हलवायचा आणि दुसरीकडे पिकअप लावून त्याचं कंपन उचलायचं, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. त्यात भिंतीच नाहीत, त्यामुळे खोलीची ओळख पटवणारी सुटी सुटी रिफ्लेक्शन्स नाहीत, टेल पहिल्या क्षणापासून दाट असते. म्हणूनच प्लेट लावली की गळा जाड आणि उजळ होतो पण अमुक खोलीत बसल्यासारखा वाटत नाही. जवळचा राहूनही भरलेला वाटतो. मुख्य गाणाऱ्याला हेच हवं असतं. स्नेअरलाही, म्हणजे ड्रमसेटमधल्या खणखणीत ड्रमलाही, प्लेट छान बसते.

हॉल म्हणजे मोठी जागा, टेल हळूहळू भरत जाते, सावकाश चालीच्या गाण्यांना चांगला, जलद गाण्यात तो पुढच्या सुरांवर चढतो. रूमचं काम म्हणजे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माइकवर घेतलेल्या गोष्टी एकत्र बसल्यासारख्या करणं, तो ऐकू यायलाच नको, बंद केल्यावर मात्र काहीतरी गेल्यासारखं वाटलं पाहिजे. स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगच्या कंपनाचा, गिटारला. गेटेड म्हणजे मोठा रिव्हर्ब लावून टेल मध्येच कापायची, १९८० च्या आसपास ह्यू पॅजम या इंजिनिअरच्या कामातून तो ड्रमचा आवाज जगभर पसरला, आजही मोठा पण आटोपशीर स्नेअर हवा असेल तर उपयोगी आहे.

मग कॉन्व्होल्युशन. यात खऱ्या जागेची किंवा खऱ्या यंत्राची इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे आयआर फाइल वापरतात, त्या जागेचा ठसाच म्हणा. खरेपणात याला तोड नाही, शास्त्रीय गायन, पियानो, व्हायोलिन असं एकल आणि नैसर्गिक रेकॉर्डिंग असेल तर मी हाच घेतो. पण ठसा तो ठसाच, डिके फार ताणला किंवा दाबला की नकली वाटायला लागतो, आणि प्रोसेसरवर भार जास्त पडतो. अल्गोरिदमवर चालणारा रिव्हर्ब वळवायला सोपा, भरगच्च गाण्यात जास्त कामाचा. रीपरमध्ये दोन्ही फुकट बसलेले आहेत, रियाव्हर्बमध्ये आयआर लोड होते आणि रियाव्हर्बेट साधा अल्गोरिदमचा. ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब हा ओपन सोर्स संच आहे, हॉल, रूम, प्लेट आणि नुसती अर्ली रिफ्लेक्शन्स असे वेगवेगळे प्लगइन त्यात आहेत, शिकायला यासारखं दुसरं नाही कारण प्रत्येक प्रकार सुटा ऐकता येतो. व्हलहॅला सुपरमॅसिव्हही फुकट आहे, पण तो प्रचंड लांब, तरंगत्या टेलसाठी, साध्या खोलीसाठी तो उघडू नका.

एक बारीक गोष्ट मॉड्युलेशनची. बऱ्याच रिव्हर्बमध्ये टेल थोडी डोलत ठेवतात म्हणजे ती पत्र्यासारखी वाजत नाही. गळ्याला, गिटारला छान. पण पियानोसारख्या स्थिर सुराच्या वाद्याला हेच लावलं की टेलमधला सूर हलल्यासारखा वाटतो आणि वाद्य बेसूर असल्याचा भास होतो. तिथे मॉड्युलेशन शून्याच्या जवळ न्या.

प्रीडिले, सगळ्यात दुर्लक्षित नॉब

गळ्याचा रिव्हर्ब वाढवायचा पण शब्द स्पष्ट ठेवायचे, हे दोन्ही एकदम हवं असेल तर उत्तर प्रीडिलेमध्ये आहे. ड्राय आवाज आणि रिव्हर्ब सुरू होणं यातलं अंतर म्हणजे प्रीडिले. शून्य ठेवला की शब्दाचं पहिलं व्यंजन वाजतानाच त्यावर रिव्हर्ब चढतो. ३० ते ६० मिलिसेकंद ठेवला की व्यंजन मोकळं निघून जातं आणि रिव्हर्ब स्वरावर बसतो. कान जवळजवळच्या वेळेत आलेले आवाज एकच समजतो, म्हणून साधारण ३०-४० मिलिसेकंदांपर्यंत तुकडा पडल्यासारखं वाटत नाही, त्याच्या पुढे गेलात की हळूहळू वेगळा प्रतिध्वनी कळायला लागतो, कधी कधी तेच हवं असतं.

टेम्पोवरून काढायचं तर ६०,००० ला टेम्पोने भागा, एका बीटचे मिलिसेकंद मिळतात. टेम्पो १२० असेल तर ५०० मिलिसेकंद, त्याचा सोळावा भाग साधारण ३१. टेम्पो ९० असेल तर ६६७, सोळावा भाग ४२ च्या आसपास. हे आकडे सुरुवात म्हणून घ्या आणि मग कानाने पुढेमागे करा, गणितात बसलं म्हणून मिक्समध्ये बसलं असं होत नाही. मागे ठेवायच्या गोष्टींना प्रीडिले ० ते १० पुरे, वर सांगितलं तसं लांबच्या आवाजात खोलीचा आवाज बरोबरच येतो.

आता डिके. यासाठी मी स्नेअर किंवा गाण्यातलं जे ठळक ताल धरणारं वाद्य असेल ते एकटं ऐकतो. टेम्पो ९० आणि स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर असेल तर दोन ठोक्यांत १,३३३ मिलिसेकंद मिळतात. पुढचा ठोका पडायच्या आत टेल विरली पाहिजे, एवढंच बघायचं. इथून सुरू करा आणि मग पूर्ण गाण्यात ऐका, बाकी वाद्यं टेलचा शेवटचा भाग झाकतात त्यामुळे थोडा लांब डिके पण चालून जातो. गाणं भरगच्च असेल तर डिके कमी, नुसता गळा आणि गिटार असेल तर २.५ सेकंद सुद्धा छान वाटतील. मोठी जागा हवी पण टेल नको असेल तर साइझ वाढवा आणि डिके कमी करा, हे दोन नॉब वेगळे आहेत हे फार लोक वापरूनच बघत नाहीत.

रिटर्नवर इक्यू लावल्याशिवाय पुढे जाऊ नका

माझ्या मते गढूळ मिक्सचं अर्ध्याहून जास्त दुखणं इथे बरं होतं. रिव्हर्बच्या रिटर्नवर हाय पास (ठरवलेल्या आकड्याच्या खालचं कापणारा फिल्टर) लावा, २०० ते ३०० हर्ट्झ किमान, गळ्याला ५००-६०० पर्यंत गेलात तरी हरकत नाही. वरून लो पास (आकड्याच्या वरचं कापणारा), ६ ते १० किलोहर्ट्झच्या मध्ये. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओची ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं कापून रिव्हर्बला पाठवायची पद्धत आजही इंजिनिअर लोक तिथल्याच नावाने ओळखतात. रिव्हर्ब एकटा ऐकलात तर फार बारीक आणि टेलिफोनमधून आल्यासारखा वाटेल, घाबरू नका, गाण्यात ऐका, तिथे तो बरोबर बसतो आणि बेसची जागा मोकळी राहते. तरी गढूळ वाटलं तर ३०० ते ५०० च्या मधला भाग आणखी २-३ डेसिबल खाली घ्या.

इक्यू रिव्हर्बच्या आधी की नंतर यावर लोक खूप वाद घालतात. रिव्हर्बमध्ये मॉड्युलेशन किंवा सॅच्युरेशन नसेल तर दोन्हीचा निकाल एकच येतो, त्यात वेळ घालवू नका. डी-एसर (स आणि श ची धार दाबणारं प्लगइन) आणि कॉम्प्रेसरचं मात्र तसं नाही, तिथे क्रम महत्त्वाचा. गळ्यातले स आणि श रिव्हर्बमध्ये शिरले की फवारा उडाल्यासारखे पसरतात, म्हणून डी-एसर रिटर्न ट्रॅकवर रिव्हर्बच्या आधी टाका आणि बिनधास्त जोरात चालवा, ड्राय गळ्याला धक्का लागत नाही. प्लगइनमध्ये डॅम्पिंग असेल तर तोही वाढवा, टेलमधला वरचा भाग लवकर मरतो, खऱ्या खोलीत पडदे आणि माणसं हेच करतात.

कोणाला रिव्हर्ब देऊच नये

बेस आणि किक ड्रमला सहसा नाही. खालच्या सुरांची टेल एकमेकांवर चढून सगळा तळ भोंगळ होतो. द्यायचाच असेल तर छोटा रूम, तोही ३०० च्या खाली कापून. तबल्याचं गणित थोडं अवघड आहे कारण एकाच वादकाच्या हाताखाली दोन वेगळी वाद्यं असतात, दायाँला प्लेट आवडते आणि बायाँ त्याच प्लेटमध्ये गेला की घुमत राहतो. दोन माइकवर वेगवेगळं घेतलं असेल तर सेंड वेगळे ठेवा, एकाच माइकवर असेल तर रिटर्नवरचा हाय पास ४०० पर्यंत चढवा, बोल मोकळे ऐकू येतात. रिदम गिटार दोन्ही बाजूंना पॅन केलेली असेल तर तिला रूमचा थोडा सेंड पुरे. आणि गाण्यात निदान एक तरी गोष्ट जवळजवळ कोरडी ठेवा, सगळेच मागे गेले तर मागे असं काही उरतच नाही, जवळचं कोणीतरी असल्याशिवाय लांबचं कळत नाही.

किती हे कसं ठरवायचं

पूर्ण गाणं चालू ठेवा, सोलो नाही. सेंड शून्यावरून हळूहळू वर न्या, रिव्हर्ब जाणवला की थांबा आणि २-३ डेसिबल खाली या. मग पाच मिनिटं दुसरं काही करा आणि परत येऊन रिटर्न म्यूट करून बघा. गाणं एकदम सपाट आणि चिकटलेलं वाटलं तर रिव्हर्ब काम करतोय. म्यूट केल्यावर हुश्श वाटलं, शब्द अचानक कळायला लागले, तर जास्त झालाय. कान रिव्हर्बला फार पटकन सरावतो, तासभर काम केल्यावर तो कमीच वाटायला लागतो आणि हात आपोआप सेंड वाढवतो, म्हणून प्रमाणाचा निर्णय रात्री उशिरा घेऊ नका, सकाळी ताज्या कानाने घ्या.

हेडफोनवर आणि स्पीकरवर रिव्हर्ब वेगळा कळतो. हेडफोनमध्ये मध्ये खोली नसते, प्रत्येक टेल स्वच्छ ऐकू येते, त्यामुळे हात आखडता राहतो आणि नंतर स्पीकरवर मिक्स कोरडं वाटू शकतं. स्पीकरवर तुमच्या खोलीचा स्वतःचा घुमारा त्यात मिसळतो, कुठला तुमचा आणि कुठला खोलीचा तेच समजत नाही. दोन्हीवर ऐका, आणि त्याच चालीचं, त्याच बाजाचं एखादं आवडतं गाणं बाजूच्या ट्रॅकवर आणून त्याचा आवाज तुमच्या मिक्सइतका करून आलटून पालटून ऐका. आवाज सारखा करणं महत्त्वाचं, मोठं वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं. मास्टरवर मोनोचं बटण दाबूनही एकदा बघा. रुंद स्टिरिओ रिव्हर्बचा बराच भाग मोनोत कमी होतो, थोडं कोरडं होणं चालेल, पण मागचा कोरस किंवा पॅड गायबच झाला तर रिव्हर्बची विड्थ कमी करा किंवा त्या ट्रॅकचा ड्राय आवाज वाढवा.

गळ्याचा रिव्हर्ब मोठा ठेवूनही शब्द मोकळे ठेवायची आणखी एक पद्धत म्हणजे डकिंग. रिव्हर्बच्या रिटर्नवर, रिव्हर्बच्या नंतर, एक कॉम्प्रेसर टाका आणि त्याचं साइडचेन, म्हणजे कधी दाबायचं ते ठरवणारा सिग्नल, ड्राय गळ्यावरून घ्या. रेशो ३ किंवा ४, रिलीज १५० ते ३०० मिलिसेकंद, ३ ते ६ डेसिबल खाली जाईल एवढा थ्रेशोल्ड. गाणारा गात असतो तोवर रिव्हर्ब दबून राहतो आणि ओळ संपली की वर येतो. हे एकदा नीट बसवलं की मला गळ्याच्या रिव्हर्बला फारसा हात लावावा लागत नाही.

ऑटोमेशनही वापरा, कडव्यात सेंड कमी आणि ध्रुवपदात २ डेसिबल जास्त, एवढ्याने गाणं उघडल्यासारखं होतं. ओळीच्या शेवटच्या शब्दावर तेवढ्यापुरता लांब हॉलचा सेंड उघडायचा आणि लगेच बंद करायचा, हे भावगीताच्या बाजाच्या गाण्यात फार सुंदर लागतं, पण प्रत्येक ओळीला केलं की सवय होऊन परिणाम जातो, पूर्ण गाण्यात दोन-तीन जागा निवडा. आणि जिथे रिव्हर्ब वाढवूनही गळा मागेच जातोय, तिथे रिव्हर्ब कमी करून एक आठव्या किंवा चौथ्या नोटचा (अर्ध्या किंवा एका बीटचा) डिले, म्हणजे तोच आवाज उशिरा परत ऐकवणारा इफेक्ट, अगदी हळू आवाजात लावून बघा, टेम्पोत बसलेला डिले वाद्यांच्या मागे लपतो, जागा भरतो आणि गळा पुढेच राहतो. डिलेचा थोडा सेंड रिव्हर्बला दिलात तर तो आणखी मऊ होतो.

कॉम्प्युटर अडखळत असेल तर बफर साइझ वाढवा, मिक्स करताना लेटन्सीने, म्हणजे आवाज थोडा उशिरा येण्याने, काही बिघडत नाही. कॉन्व्होल्युशन रिटर्न फ्रीझ करा. रेकॉर्डिंग चालू असताना गाणाऱ्याला हेडफोनमध्ये थोडा रिव्हर्ब हवाच असतो, तो हलक्यातल्या हलक्या अल्गोरिदमचा द्या आणि रेकॉर्ड मात्र ड्रायच करा, एकदा आवाजात रेकॉर्ड झालेला रिव्हर्ब नीट काढता येत नाही.

एक्स्पोर्ट करताना टेल कापली जाणार नाही हे बघा. शेवटच्या सुरानंतर सिलेक्शन चार-पाच सेकंद पुढपर्यंत ओढा, रीपरच्या रेंडर खिडकीत टेलचा पर्याय आहे तो चालू करा, एफएल स्टुडिओत लीव्ह रिमेंडर निवडा. नंतर फाइल उघडून शेवट मोठ्या आवाजात ऐका, टेल एकदम तुटली असेल तर लगेच कळतं. कोणाला पाठवायला कमी बिटरेटची एमपीथ्री करणार असाल तर टेलचा भाग तिथेच सगळ्यात आधी खरखरीत आणि पाणचट होतो, ३२० ला करा किंवा सरळ वेव्ह फाइल द्या. आणि हे दोन-तीन रिटर्न, त्यांचे इक्यू, डी-एसर, डकिंगचा कॉम्प्रेसर सगळं जोडून झालं की रिकामा प्रोजेक्ट टेम्पलेट म्हणून सेव्ह करून ठेवा, पुढच्या गाण्याला फक्त टेम्पोप्रमाणे प्रीडिले आणि डिके बदलायचे आणि कोण कुठे उभा आहे तो कागद नव्याने लिहायचा.